रोज पाणी घालते, तरी घरातली झाडं का मरतात?

प्रश्न थोडक्यात असा: वाकडला सातव्या मजल्यावर दोन बेडरूमचा फ्लॅट, हॉलला पश्चिमेची बाल्कनी. वर्षभरात नऊ झाडं आणली, त्यातली सहा गेली. स्नेक प्लांट बुडातून कुजलं, अरेका पाम शेंड्याकडून वाळत गेला, झीझीच्या फांद्या एकेक करून आडव्या झाल्या. उरलंय ते एक मनी प्लांट, एक पीस लिली आणि एक रबर प्लांट. रोज सकाळी न चुकता पाणी घातलं जातं. ‘माझ्या हातालाच झाडं लागत नाहीत का? आणि एवढं करून घरातल्या हवेला त्यांचा खरंच काही उपयोग असतो का? सासूबाई म्हणतात, रात्री झाडं विषारी वायू सोडतात.’

ताई, ‘रोज सकाळी न चुकता’ हे चार शब्द वाचले आणि रोग कळला. सोलापूर रोडला २६ वर्षं नर्सरी चालवतोय, त्यातली गेली १२ वर्षं कंपन्यांच्या ऑफिसांतली झाडं सांभाळायचं कामही करतो. या काळात ‘बघा ना, काय झालंय’ म्हणून ज्या कुंड्या माझ्याकडे आल्या, त्यात तहानेनं मरायला टेकलेल्या मोजक्याच. बाकीच्या लाडानं बुडालेल्या. हाताला गुण असणं-नसणं असं काही नसतं. ज्यांच्या घरी झाडं फोफावतात त्यांच्याकडे एकदा नीट बघा. त्या रोज कुंडीपाशी जातात खऱ्या, पण मातीत बोट घालतात आणि बहुतेक वेळा पाणी न घालताच परत फिरतात.

मुळांनाही श्वास लागतो. मातीच्या कणांमध्ये बारीक पोकळ्या असतात, त्यात हवा असते. पाणी घातलं की त्या भरतात, पाणी निथळलं की हवा परत आत शिरते. रोज पाणी पडलं तर हवेला परत यायला सवडच मिळत नाही. मुळं गुदमरतात, पांढरट होती ती तपकिरी पडतात, मग बुरशी लागते. यातली सगळ्यात फसवी गोष्ट पुढेच आहे. कुजलेल्या मुळांना पाणी ओढता येत नाही, त्यामुळे वरची पानं माना टाकतात. बघणाऱ्याला वाटतं झाड तहानलंय. मग आपण आणखी एक तांब्या ओततो.

गेल्या पावसाळ्यात एक काका झीझीची कुंडी मांडीवर घेऊन रिक्षातून आले. म्हणाले, खत द्या काहीतरी, अशक्त झालंय. मी वर्तमानपत्र पसरलं, कुंडी आडवी केली, बुडावर दोन थापा मारल्या आणि झाड बाहेर काढलं. आधी वास आला, तुंबलेल्या गटाराचा. वरची माती कोरडी होती, बोटभर खाली मात्र सगळा काळा लगदा. मधला कोकोपीटचा, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशाचा, गोळा मुठीत धरून पिळला तर धार लागली. झीझीला मातीत बटाट्यासारखे गड्डे असतात, पाणी आणि अन्न साठवायला. पाच गड्ड्यांपैकी चार दाबल्यावर उकडलेल्या बटाट्यासारखे फुटले. एक टणक होता. तो धुतला, दोन दिवस सावलीत सुकवला, लहानशा कुंडीत जेमतेम ओल्या मातीत ठेवला आणि काकांना सांगितलं, महिनाभर याच्याकडे बघूही नका. पाच महिन्यांनी त्यांनी कोंबाचा फोटो पाठवला. तुमचं झीझी अजून टाकून दिलं नसेल तर आधी हेच करून बघा.

तो कोकोपीटचा गोळा कुठून आला, हेही सांगतो. आपल्याकडे विकली जाणारी बरीचशी इनडोअर झाडं पुण्यात वाढलेली नसतात. आंध्रात राजमहेंद्रीजवळ कडियम नावाचं गाव आहे. त्या पंचक्रोशीत नर्सऱ्याच नर्सऱ्या. त्र्यंबकेश्वरला उगम पावलेली आपली गोदावरी समुद्राला मिळायच्या थोडं अलीकडे तिथून जाते. तिथल्या दमट हवेत, हिरव्या शेडनेटखाली झाडं वाढतात आणि ट्रकनं इकडे येतात. वजन कमी भरावं म्हणून बरीच नुसत्या कोकोपीटात लावलेली असतात. नर्सरीत ते चालतं, कारण तिथं वारा आणि उजेड भरपूर असतो, पाणी भराभर उडून जातं. तुमच्या हॉलमध्ये तोच कोकोपीट दहा-दहा दिवस आतून ओला राहतो. आणि एकदा का ठणठणीत वाळला, की उलटा त्रास. पाणी आत घेतच नाही. कडेनं सरकन खाली ताटलीत येतं आणि आपल्याला वाटतं, झाड भिजलं.

म्हणून घरी आणल्यावर तीन-चार आठवडे झाडाला नव्या जागेची सवय होऊ द्यायची आणि मग माती बदलायची. आल्या दिवशी नको. प्रवास, नवी जागा आणि नवी माती हे तिन्ही एकदम झाडाला सोसत नाही. माझं मिश्रण साधं आहे: दोन भाग पोयटा किंवा लाल माती, एक भाग कोकोपीट, एक भाग गांडूळखत आणि एक भाग परलाइट, म्हणजे माती मोकळी ठेवणारे पांढरे हलके दाणे. परलाइट नसेल तर जाडी वाळू किंवा विटेचा खडबडीत चुरा. स्नेक प्लांट आणि कोरफडीला वाळू-चुरा दुप्पट. शेतातली काळी माती कुंडीत भरू नका. ती कापसाला उत्तम, पण कुंडीत ओली असताना चिखल आणि वाळली की तडे. कुंडीच्या तळाशी खडीचा थर देण्याची जुनी पद्धत मी सोडली आहे. पाणी बारीक मातीतून जाड खडीत सहज उतरत नाही, थराच्या वरच अडून राहतं, म्हणजे ओली माती मुळांच्या आणखी जवळ येते. भोकावर एक खापरी ठेवा, माती वाहून जाऊ नये म्हणून, तेवढं पुरे. आणि भोक नसलेली सुंदर चिनी मातीची कुंडी ही कुंडी नव्हे, ती फुलदाणी. झाड प्लास्टिकच्या भोकाच्या कुंडीत ठेवून ती आत उतरवा, आणि पाणी घालताना बाहेर काढा.

आता पाणी घालायचं केव्हा? वार ठरवून नाही. खराट्याचा एक हीर घ्या, कुंडीत तळापर्यंत खुपसा, दोन मिनिटांनी बाहेर काढा. कोरडा निघाला तर पाणी. ओलसर असेल, माती चिकटली असेल, तर आज नाही. पुरणपोळीचं पुरण शिजलं का बघायला उलथनं उभं करतात ना, तितकी सोपी परीक्षा आहे. महिनाभरात हिराचीही गरज उरत नाही. कुंडी एका हातानं उचलून बघितली की वजनावरून कळतं. पाणी घालायचं ते मात्र भरपूर, खालच्या भोकातून वाहेपर्यंत. रोज कपभर घातलं तर वरचे दोन इंच ओले आणि तळ कोरडा, असं कुठलंच धड होत नाही. ओतलेलं पाणी मिनिटभरात खालून निघायला हवं. निघत नसेल तर माती बिघडली आहे. ताटलीत साठलेलं पाणी अर्ध्या तासानं ओतून टाकायचं.

अंदाज हवाच असेल तर पुण्याच्या हवेत, घराच्या आत, मनी प्लांटला उन्हाळ्यात पाच-सहा दिवसांनी आणि पावसाळ्यात दहा-बारा दिवसांनी पाणी लागतं. स्नेक प्लांट आणि झीझी उन्हाळ्यात पंधरा दिवस, पावसाळ्यात महिनासुद्धा काढतात. कोकणातल्या दमट घरात याहून कमी, नागपूरच्या मे महिन्यात कूलरसमोर याहून जास्त. हे आकडे पाठ करू नका, हीर विसरू नका.

पाणी कुठलं, हाही प्रश्न तुमच्या भागात महत्त्वाचा, कारण तिकडे बऱ्याच सोसायट्यांत टँकर आणि बोअरचं पाणी असतं. मातीवर पांढरी खपली धरते आणि पानांची टोकं करपतात, ती या क्षारांमुळे. आरओ मशीनमधून बाहेर फेकलं जाणारं पाणी बादलीत धरून झाडांना घालणारे पुष्कळ आहेत. पाणी वाचवल्याचं समाधान मिळतं, पण सगळे क्षार त्याच पाण्यात गोळा झालेले असतात. ते फरशी पुसायला वापरा. उलट एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणी हवेतल्या बाष्पाचं असतं, त्यात क्षार जवळपास नसतात. स्वच्छ बादलीत धरलं तर घरातल्या झाडांना त्याच्याइतकं चांगलं पाणी नाही. पावसाचंही तसंच. दोन-तीन महिन्यांतून एकदा कुंडी बाथरूममध्ये नेऊन गोड्या पाण्यानं माती चांगली धुऊन काढली तरी फरक दिसतो.

थोडं विषयांतर करतो, पण ते कामाचं आहे. मनी प्लांट, पीस लिली, झीझी, अ‍ॅग्लोनिमा, डिफेनबेकिया, फिलोडेंड्रॉन, मॉन्स्टेरा ही सगळी आपल्या अळूच्या कुळातली. घरात टिकणाऱ्या झाडांची यादी केली तर निम्मी अळूची भावंडं निघतात. उष्ण प्रदेशातल्या दाट जंगलात, मोठ्या झाडांच्या सावलीत वाढायची या कुळाला सवय, म्हणून फ्लॅटमधल्या मंद उजेडात ती तग धरतात. मात्र इथंच आपली गफलत होते. गावाकडे मोरीच्या पाण्यावर अळू माजतं हे आपण बघितलेलं असतं. अळूच्या देठांत-मुळांत हवा नेणाऱ्या पोकळ्या असतात, चिखलात उभं राहायला ते घडलेलं आहे. मनी प्लांट मूळचा ताहितीशेजारच्या मोरेआ बेटावरचा, झाडांच्या खोडांवर चढणारा. त्याच्या मुळांना झाडाच्या सालीतला ओलावा हवा असतो. मोरी नको. मग बाटलीतल्या पाण्यात कसा जगतो? पाण्यात फुटलेली मुळं त्या पाण्याला सरावलेली निघतात. मातीतली मुळं अचानक बुडवली तर ती सरावत नाहीत, कुजतात.

याच कुळाचा दुसरा गुण म्हणजे खाज. अळूच्या फदफद्यात चिंच घालतो ती ज्या सुयांसारख्या बारीक स्फटिकांमुळे, तेच कॅल्शियम ऑक्झलेटचे स्फटिक या सगळ्या झाडांत असतात. रांगतं मूल किंवा मांजर असेल तर कुंडी उंचावर ठेवा. डिफेनबेकिया तर नकोच. त्याचं पान चावलं तर जीभ सुजून बोलता येईनासं होतं, इंग्रजीत त्याला ‘डंब केन’ म्हणतात ते त्यावरूनच. असं झालंच तर तोंड धुवायचं आणि डॉक्टरकडे जायचं.

पाण्याचं झालं, पण पाण्याहून मोठी गोष्ट उजेड आहे. झाडाचं अन्न उजेड, खत नव्हे. कमी उजेडात झाड पाणीही कमी पितं, म्हणून अंधाऱ्या कोपऱ्यातलं झाड सगळ्यात आधी कुजतं. आपले डोळे इथं दगा देतात. ते अंधाराला पटकन सरावतात आणि आपल्याला वाटतं, हॉलमध्ये चांगला उजेड आहे. मोबाइलवर उजेड लक्समध्ये मोजायचं फुकट ॲप मिळतं. मी नव्या ऑफिसात गेलो की आधी तेच उघडतो. बाहेर भर उन्हात लाखभर लक्स असतो. ऊन न येणाऱ्या खिडकीला लागून दोन-तीन हजार. तिथून दहा फूट आत, टीव्हीच्या बाजूला, शे-दीडशे. त्या शे-दीडशेत कुठलंच झाड वाढत नाही, फक्त हळूहळू मरतं. झीझी आणि स्नेक प्लांट इतके हळू मरतात की सहा-आठ महिने लोकांना ते ‘कमी उजेडात छान राहतात’ असं वाटत राहतं.

ॲप नको असेल तर सकाळी अकराच्या सुमाराला जिथं कुंडी ठेवायची तिथं पांढरा कागद धरा आणि वर वीतभर अंतरावर हात. सावलीची कड स्पष्ट दिसली तर जवळपास सगळं चालेल. पुसट सावली पडली तर मनी प्लांट, पीस लिली, अ‍ॅग्लोनिमा. सावलीच दिसत नसेल तर तिथं पितळी समई ठेवा, शोभून दिसेल. किंवा साधी पांढरी एलईडी ट्यूब झाडाच्या फूटभर वर लावा. २० वॅटची ट्यूब रोज १२ तास चालवली तर महिन्याला ७.२ युनिट होतात. फार नाही.

दिशेचं बोलायचं तर पूर्वेची खिडकी सर्वात चांगली, कोवळं ऊन मिळतं. तुमची पश्चिम आहे. मार्च ते मे दुपारी तीननंतरचं ऊन काचेतून येऊन पानं भाजून काढतं, तिथं पातळ पांढरा पडदा लागेल. जून ते सप्टेंबर ढगाळ असतं, पडदा बाजूला करून झाडं खिडकीला चिकटवली तरी चालतात. दक्षिणेच्या खिडकीचं गणित लोकांना उलटं वाटतं. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, त्यामुळे ऊन घरात खोलवर येतं. मेच्या मध्याला पुण्यात शून्य सावलीचा दिवस होतो, म्हणजे दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो, त्यानंतर काही आठवडे सूर्य दुपारी चक्क थोडा उत्तरेकडून जातो आणि दक्षिणेची खिडकी उन्हाविना राहते. म्हणून वर्षातून दोनदा कुंड्यांची जागा बदलायची असते. आमच्या घरी संक्रांतीनंतर आणि पहिल्या पावसानंतर हे काम निघतं.

तुम्ही म्हणाल, मग ऑफिसांच्या लॉबीत लिफ्टशेजारी, जिथं सूर्य कधी पोहोचत नाही, तिथं झाडं एवढी टवटवीत कशी? हे सांगितलं तर माझे धंदेभाऊ रागावतील, पण सांगतो. ते एकच झाड नसतं. आम्ही झाडं भाड्यानं देतो आणि दर दोन-तीन आठवड्यांनी टेम्पो जाऊन ती बदलून आणतो. लॉबीतलं झाड नर्सरीत शेडनेटखाली महिना-दीड महिना आराम करतं, तोवर त्याचा भाऊ ड्युटीवर. एका जागेसाठी आम्ही तीन झाडं राखून असतो. तुम्ही घरी एकाच झाडाकडून बारा महिने लॉबीची ड्युटी करून घेता आणि ते दमलं की स्वतःला दोष देता. हीच युक्ती घरी करता येते. बाल्कनीत चार आणि आत दोन अशी झाडं ठेवून दर पंधरा दिवसांनी अदलाबदल करा. फक्त बाहेर नेताना थेट उन्हात नको, भिंतीच्या सावलीला.

अरेका पामबद्दल फार वाईट वाटून घेऊ नका. बाजारातल्या एका कुंडीत दहा-पंधरा रोपं कोंबून लावलेली असतात, भरगच्च दिसावं म्हणून. त्याला भरपूर उजेड आणि दमटपणा लागतो. पुण्याच्या एप्रिलमध्ये, पंख्याखाली आणि एसीसमोर, तो वाळणारच. त्यात लाल कोळी नावाची बारीक कीड लागते, पानाच्या मागं बारीक जाळी दिसते. हा माझ्या मते घरातला नव्हे, व्हरांड्यातला पाम. वाडे होते तोवर ठीक होतं.

आता हवेचा प्रश्न. ‘नासानं सांगितलंय’ हे वाक्य मी रोज ऐकतो, पूर्वी गिऱ्हाइकांना स्वतःही सांगायचो. नासाचा तो अहवाल १९८९ चा, बी. सी. वोल्व्हर्टन यांचा. प्रयोग खरा होता, पण तो हवाबंद पेट्यांमध्ये केलेला. अंतराळयानासारख्या बंद जागेत काय होईल ते बघायचं होतं. तुमचा फ्लॅट हवाबंद नाही. दारं उघडतात, फटींतून वारा येतो-जातो, आणि हवेतली रसायनं त्या वाऱ्यानं जितकी कमी होतात त्यापुढे कुंडीतल्या झाडाचं काम नगण्य आहे. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठातल्या ब्रायन कमिंग्ज आणि मायकेल वॉरिंग यांनी अशा जुन्या प्रयोगांचे आकडे एकत्र करून हिशेब मांडला. साध्या वायुविजनाची बरोबरी करायला दर चौरस मीटरला १० ते १००० झाडं लागतील, असं निघालं. तुमचं घर साडेसातशे चौरस फूट धरलं तर सुमारे ७० चौरस मीटर. म्हणजे कमीत कमी ७०० कुंड्या. मला आनंदच होईल, पण तुम्ही झोपणार कुठं? हवा हवी असेल तर समोरासमोरच्या दोन खिडक्या उघडा.

सासूबाईंचं म्हणणं अगदीच बिनबुडाचं नाही. रात्री झाडंही श्वसन करतात, कार्बन डायऑक्साइड सोडतात. पण तो इतका थोडा की बेडरूममध्ये चार कुंड्या असल्या तरी शेजारी घोरणारा माणूस त्याच्या कितीतरी पट जास्त सोडत असतो, आणि त्याला आपण बाल्कनीत झोपवत नाही. स्नेक प्लांट आणि कोरफड यांची पद्धत वेगळी आहे. त्या पाणी वाचवायला दिवसा पानांची छिद्रं मिटून घेतात आणि रात्री उघडून कार्बन डायऑक्साइड आत घेतात. म्हणून ‘रात्री ऑक्सिजन देणारं झाड’ अशी त्यांची जाहिरात होते. ऑक्सिजन मात्र उजेडाशिवाय तयार होत नाही, रात्री फक्त वायू साठवणं चालतं. बेडरूममध्ये ठेवा किंवा नका ठेवू, तब्येतीला काही फरक पडत नाही.

मग उपयोग काय? मनाला होतो, एवढं मी खात्रीनं म्हणतो. याबाबत नेहमी सांगितला जाणारा अभ्यास १९८४ चा, रॉजर उलरिच यांचा, ‘सायन्स’ नियतकालिकात आलेला. पेनसिल्व्हेनियातल्या एका रुग्णालयात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांपैकी ज्यांच्या खिडकीतून झाडं दिसत होती ते विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामकंही कमी लागली. अर्थात रुग्ण थोडे, २३ जोड्या, आणि झाडं खिडकीबाहेरची, कुंडीतली नव्हेत. त्यामुळे मी त्याचा आधार जपूनच घेतो.

माझा पुरावा वेगळा आहे. काही वर्षांपूर्वी एका कंपनीनं खर्च कमी करायचा म्हणून आमचं कंत्राट बंद केलं. आम्ही १४० कुंड्या उचलून आणल्या. दोन महिन्यांनी जुनं बिल घ्यायला गेलो तर टेबलाटेबलावर कॉफीच्या रिकाम्या बाटल्या आणि त्यात मनी प्लांटचे तुकडे. कुठून आणले विचारलं तर एक मुलगी हसून म्हणाली, ‘खालच्या मजल्यावरच्या कंपनीतून तोडून आणले काका, चोरलेला मनी प्लांटच चांगला वाढतो ना.’ खालच्या मजल्यावरची झाडंही माझीच होती. काही बोललो नाही. फक्त एवढं सांगितलं, की तोडताना पेराखाली तोडा, पेराशिवाय मूळ फुटत नाही.

बाटलीतल्या मनी प्लांटवरून एक गंभीर गोष्ट. डेंग्यूचा एडिस डास साठलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात. म्हणून पावसाळ्यात महापालिकेचे लोक घरात येऊन फ्रिजच्या मागचा ट्रे आणि कुंड्यांच्या ताटल्या बघतात. आठवड्यातून एक दिवस बाटलीचं पाणी बदला, आणि नुसतं बदलू नका, आतून घासा. अंडी काचेला चिकटून राहतात आणि कोरड्यातही महिनोन् महिने टिकतात.

किडींचं थोडक्यात. कापसासारखे पांढरे ठिपके म्हणजे मिलीबग, कानाच्या काडीला स्पिरिट लावून टिपून काढा. लाल कोळ्याला पानांचा मागचा भाग नळाखाली धुणं हाच पहिला उपाय. नीम ऑइल लिटरभर पाण्यात पाच मिली, त्यात दोन थेंब भांड्याचा साबण, संध्याकाळी फवारा, आठवड्यानं परत. कुंडीभोवती बारीक काळी चिलटं उडत असतील तर ते ओल्या मातीचं लक्षण, वरची माती वाळू द्या. चहाचा चोथा दूध-साखरेसकट टाकू नका, चिलटांना ते आमंत्रणच. खत म्हणाल तर १९-१९-१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं), लिटरला एक ग्रॅम, महिन्यातून एकदा, तेही नवं पान येत असेल तेव्हाच. पानांवरची धूळ ओल्या फडक्यानं पुसा. दूध, तेल काही लावू नका.

मे महिन्यात गावाला जाताना बादलीत पाणी भरून, सुती दोरी बादलीतून कुंडीच्या मातीत खोचून ठेवली तर दहा-बारा दिवस निघतात. बादली कुंडीपेक्षा थोडी उंचावर असावी आणि वर फडकं बांधलेलं. स्नेक प्लांट-झीझीला दोरी लावू नका, ते तसेच राहतात.

आता तुमच्याकडे उरलेल्या तिघांचं बघू. येत्या रविवारी मनी प्लांट कुंडीतून बाहेर काढून मुळं बघा. पांढरी-टणक असतील तर परत लावा. तपकिरी झाली असतील तर कापून टाका, आणि खबरदारी म्हणून चार तुकडे, प्रत्येकाला दोन पेरं येतील असे, बाटलीत लावा. रबर प्लांट आपल्याच ईशान्येकडचा, मेघालयातले जिवंत मुळांचे पूल याच झाडाचे. त्याला बाल्कनीच्या दाराशी नेऊन ठेवा आणि मग हलवू नका, जागा बदलली की तो रुसून पानं गाळतो. महिनाभर दोन-चार पानं पडली तर घाबरायचं नाही. पीस लिलीला मात्र मुद्दाम थोडं उपाशी ठेवा. तहान लागली की ती सगळी पानं खाली टाकून एकदम आडवी होते, आणि पाणी घातलं की तासा-दोन तासांत उठून बसते. असं एकदा घडू द्या, दिवस मोजा. तो आकडा आला की तुमच्या हॉलमधल्या बाकी कुंड्यांना किती दिवसांनी हीर खुपसायचा याचा अंदाज येईल.

आणि नवीन झाड आणायला गणपती होऊन जाऊ द्या. पावसाळ्यात ओल असते, वाहतुकीत कुजलेलं बरंच येतं, आमच्याकडेसुद्धा.